खोल घातलेलं नाव

कौशल्याबाई सांडभोरांच्या घरात नाव नसलेलं भांडं शोधायचं म्हटलं तर दिवस गेला असता. तांब्या, परात, पातेली, डबे सोडाच, उलथन्याच्या दांड्यावरसुद्धा नाव. याला कारण होतं. गावात लग्न असो की दशक्रिया, भांडी घराघरांतून गोळा व्हायची, आणि परत जाताना त्यातली चांगली भांडी हटकून वाट चुकायची. बाई नवी सून म्हणून आल्या त्याच वर्षी त्यांची माहेरची पितळी परात अशीच कुणाच्या तरी घरी कायमची नांदायला गेली. तेव्हापासून त्यांनी कानाला खडा लावला. वस्तू घरी येण्याआधी राजगुरुनगरच्या पेठेत शेखरकडे जायची, त्याच्या मशीनखाली नाव घालून घ्यायची आणि मगच चुलीपाशी. शेजारणी चेष्टा करायच्या, की नातवंडं झाली तर तीसुद्धा ही बाई आधी शेखरकडेच नेईल.

चाकणच्या अंगाला सांडभोरांची जमीन होती. ती कारखान्यांत गेली आणि तिथं गाड्यांच्या सीटचा फोम बनवणारी कंपनी उभी राहिली. ज्यांची जमीन गेली त्यांच्या पोरांना काम देऊ असं कंपनी म्हणाली होती, आणि दिलंही. फक्त कंपनीनं नाही दिलं, ठेकेदारानं दिलं. हा फरक तेव्हा कुणाला कळला नाही, कारण पेढे दोन्हीकडं सारखेच लागतात. बाईंचा एकुलता एक रणजीत कंपनीच्या आग विझवणाऱ्या टोळीत लागला. बाप वारलेला, घरात आई आणि बायको अपेक्षा. पोरगा अंगानं दणकट आणि स्वभावानं असा, की पुढं हो म्हटलं की पुढं होणारा.

आता त्या कंपनीच्या कपाटाबद्दल सांगायला हवं. गेटच्या आत ऑफिसच्या दारातच काचेचं मोठं कपाट होतं आणि त्यात आगीचे कोट, तोंडावर काच ओढायची व्हायजरवाली हेल्मेटं, बूट, कोपरापर्यंतचे हातमोजे अशी सगळी परदेशी जिन्नस झगमगत असायची. कोटांवरचं प्लॅस्टिकही काढलेलं नव्हतं. कपाटाला कुलूप, आणि किल्ली सेफ्टी ऑफिसर जयदीप साहेबांच्या खिशात. ऑडिटवाले आले, बाहेरदेशीचे गिऱ्हाईक आले की साहेब त्यांना कपाटासमोर उभे करायचे. ते माना डोलवायचे, फोटो काढायचे आणि जेवायला जायचे. वापरायला काढलं तर मळेल, आणि मळलं तर पाहुण्यांना काय दाखवायचं, असा साहेबांचा सरळ हिशेब. टोळीच्या पोरांना बांधकामावरच्या पिवळ्या टोप्या, रेनकोटाला लाज वाटेल असले कोट आणि तळवे विरलेले रबरी हातमोजे. फोम पेटतो तेव्हा विचार करायला वेळ देत नाही, वितळून थेंब थेंब गळतो आणि जिथं पडेल तिथं चिकटून जळत राहतो. साहेबांना ते माहीत होतं, शिकले होते ना.

एकदा लहानशी आग लागली आणि रणजीतच्या भुवया गेल्या. घरी आला तेव्हा अपेक्षा हसली आणि मग आत जाऊन रडली. कौशल्याबाईंनी पुढची भिशी उचलली आणि पोराच्या हातावर ठेवली. तो भोसरीला जाऊन खरं हेल्मेट आणि खरा कोट घेऊन आला. हातमोजे मनासारखे मिळाले नाहीत, पैसेही संपले होते. ते पुढच्या भिशीला घेऊ असं मायलेकांचं ठरलं.

हेल्मेटाच्या कपाळावर स्टीलची पट्टी होती. बाईंनी ती पाहिली आणि त्यांना राहवलं नाही. पोरगा झोपलेला असताना त्यांनी हेल्मेट पिशवीत घातलं आणि एसटीनं पेठ गाठली. काय घालायचं ते शेखरला माहीतच होतं, लग्नाच्या भांड्यांवर घालतो तेच. ‘चि. रणजीत यास, आईकडून सप्रेम भेट.’ स्टील कडक होतं, मशीन घसरत होतं. वरवर घालू का, असं त्यानं विचारलं.

“वरवर नको,” बाई म्हणाल्या. “खोल घाल. जल्मभर राह्यलं पायजे.”

रणजीत लाजेनं लाल झाला. टोळीतल्या पोरांनी महिनाभर त्याला ‘सप्रेम भेट’ म्हणून हाक मारली. पण जयदीप साहेबांना ते हेल्मेट फार आवडलं. सेफ्टी वीकमध्ये त्यांनी रणजीतला सगळ्यांसमोर उभं केलं, फोटो काढला आणि म्हणाले की याला म्हणतात जबाबदारी, नाहीतर तुम्ही, सगळं कंपनीनं द्यावं म्हणून तोंड वासून बसता. टाळ्या पडल्या. त्या दिवसापासून एक नवीन रीत पडली. कुठंही धूर दिसला की साहेब म्हणायचे, रणजीतला पुढं घाला, त्याच्याकडं स्वतःचं आहे. आईनं पोराला वाचवायला वस्तू दिली आणि त्याच वस्तूमुळं तो प्रत्येक वेळी पहिला आत जाऊ लागला. हे बाईंच्या लक्षात यायचं कारण नव्हतं. त्यांना वाटायचं, पोराला मान आहे.

मग एप्रिलात, भर दुपारी, फोमचं गोदाम पेटलं. भिवा नावाचा एक हमाल, लातूरकडचा, आत राहिला होता. एक लोखंडी मांडणी त्याच्या पायांवर पडली होती. बाकीची पोरं दाराशी थबकली. साहेब लांबूनच बोलले ते सगळ्यांनी ऐकलं, रणजीतला पाठवा, त्याच्याकडं स्वतःचं आहे. रणजीत गेला. तापलेली मांडणी त्यानं दोन्ही हातांनी उचलली, भिवाला पायानं बाजूला सारलं आणि खांद्यावर घालून बाहेर आणलं. बाहेर आल्यावर त्यानं हातांकडं पाहिलं आणि खाली बसला. हातात कंपनीचे मोजे होते.

चिंचवडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी बाईंना जे सांगितलं त्यातलं अर्धं ऐकून त्यांनी हात जोडले. चेहऱ्याला, डोळ्यांना, छातीला ओरखडाही नव्हता. हेल्मेटानं आणि कोटानं वाचवलं, असं डॉक्टर म्हणाले. उरलेलं अर्धं असं होतं, की मोज्यांचं रबर तळव्यांत वितळलं होतं, कातडी आणि मोजा वेगळा करता आला नाही, दोन्ही मिळून सोलून टाकावं लागलं. आता जखमा भरतील, पण भरताना बोटं एकमेकांना चिकटून आत वळतील. ती मोकळी करायला आणखी एक मोठं ऑपरेशन करावं लागेल आणि ते वेळेत व्हायला हवं. वेळ गेली की बोटं तशीच राहतील. ठेकेदारानं विम्याचं कार्ड काढलेलंच नव्हतं. कंपनीनं पहिला खर्च उचलला होता आणि पुढचाही उचलेल असं सगळे धरून चालले होते. नाही उचलला तर सांडभोरांच्या घरात विकायला आता अपेक्षाच्या अंगावरचं सोनं आणि नाव घातलेली भांडी तेवढी उरली होती.

घरी परत आलेलं हेल्मेट बाईंनी पुसलं. त्याला काजळी लागली होती, पण अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. त्यांनी ते देवघरात ठेवलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. देव मोठा की ते हेल्मेट मोठं, हे त्या दिवसांत त्यांना विचारलं असतं तर त्या अडखळल्या असत्या.

आणि एका सकाळी जयदीप साहेब घरी आले. सोबत एक माणूस, हातात फळांची करंडी. साहेब चप्पल बाहेर काढून आत आले, सतरंजीवर बसले, बाईंच्या पाया पडले. कंपनीचा एवढा मोठा माणूस आपल्या जमिनीवर मांडी घालून बसला म्हणून बाईंना भरून आलं. साहेबांनी रणजीतचं फार कौतुक केलं. मग देवघराकडं पाहून विचारलं, हेच का ते, बघू का हातात घेऊन. बाईंनी हेल्मेट आणून दिलं. साहेबांनी ते कपाळाला लावलं आणि पट्टीवरची ओळ मोठ्यानं वाचली. सोबतच्या माणसानं फोन समोर धरला होता. पोराच्या आईचे दोन शब्द कंपनीतल्या सगळ्यांना ऐकवायचेत, असं साहेब म्हणाले.

बाईंनी पदर सारखा केला. भिशीपासून शेखरच्या मशीनपर्यंत सगळं सांगितलं, हौसेनं सांगितलं. साहेबांनी मधेच अगदी सहज विचारलं.

“पण मावशी, कंपनीचं सामान होतंच की. कपाट भरलेलं आहे. तुम्ही बघितलंय ना?”

बाईंनी एकदा कंपनीतल्या हळदीकुंकवाच्या कार्यक्रमाला ते कपाट काचेतून पाहिलं होतं. कुलूपही पाहिलं होतं. अपेक्षा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, ती पुढं झाली आणि म्हणाली, “साहेब, ते मोजे...”

“अपेक्षा, च्या टाक,” बाई म्हणाल्या.

आता हे नीट समजून घ्या, कारण सगळं इथंच झालं. दारात आलेल्या माणसापुढं गाऱ्हाणं मांडायचं नाही, त्याचं उणं त्याच्या तोंडावर काढायचं नाही, ही त्या घराची रीत होती. कितीही दुखलं तरी पाहुण्यापुढं बरंच आहे म्हणायचं. खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत, हे बाईंना त्यांच्या सासूनं शिकवलं होतं आणि बाईंनी ते आयुष्यभर पाळलं होतं. शिवाय थोडा ताठाही होता. आपल्या पोराला आपण काही कमी पडू दिलं नाही, हे दाखवायचंच होतं.

“व्हय, बघितलंय की,” त्या म्हणाल्या. “कंपनीनं काय बी कमी केलं न्हाई. पर आपल्या पोराला आपलंच बरं, न्हाई का? आमीच म्हनलं, दुसऱ्याचं नको.”

साहेब हसले. चहा प्याले, बशीत ओतून प्याले, बाईंना तेही बरं वाटलं. जाताना म्हणाले की आगीच्या चौकशीला कंपनीत येताना हेल्मेट घेऊन या, सगळ्यांना दाखवू. केसानं गळा कापणं म्हणतात ते असं. कापणाऱ्याचा हात मऊ असतो.

चौकशीच्या दिवशी बाई नवा खण घेऊन गेल्या आणि हेल्मेट त्यात गुंडाळून नेलं. कंपनीच्या थंडगार खोलीत लांब टेबल होतं. एका बाजूला कंपनीचे वकील आणि साहेब, दुसऱ्या बाजूला रणजीत, बँडेज बांधलेले दोन्ही हात टेबलावर ठेवून. ते खाली सोडले की ठणकायचे. बाईंना वाटलं होतं की सत्कार होईल. वकील काहीतरी वाचत होते. शेवटी एवढं समजलं, की कंपनीनं दिलेलं मंजूर सामान रणजीतनं जाणूनबुजून वापरलं नाही, बाहेरून विकत घेतलेलं बिनमंजुरीचं सामान घालून तो आगीत गेला, तेव्हा झालेल्या इजेची जबाबदारी कंपनीची नाही.

रणजीत म्हणाला की हात भाजलेत, आणि हातात कंपनीचेच मोजे होते, फाटके. वकिलांनी शांतपणे विचारलं, मोजे कुठं आहेत? मोजे त्याच्या कातडीबरोबर दवाखान्याच्या कचऱ्यात गेले होते. जे वाईट होतं ते जळून नाहीसं झालं होतं. जे चांगलं होतं ते काहीही न होता टेबलावर होतं, खणात गुंडाळलेलं, आणि त्याच्या कपाळावर लिहिलं होतं की ही आईची भेट आहे.

भिवाला बोलावलं. तो कुबडी घेऊन आला. त्यानं रणजीतकडं पाहिलं नाही. धुरात काही दिसलं नाही साहेब, असं दोनदा म्हणाला. त्याचं काम अजून चालू होतं, आणि गावाकडं खाणारी तोंडं होती. त्याला शिव्या देणं सोपं आहे. रणजीतनं दिल्या नाहीत.

मग त्या सकाळी फोनवर घेतलेलं चित्रीकरण लावलं आणि भिंतीवर कौशल्याबाई दिसल्या, पदर सारखा केलेल्या, हसऱ्या. कंपनीनं काय बी कमी केलं न्हाई. दुसऱ्याचं नको. आवाज खोलीभर झाला. खऱ्या कौशल्याबाई खुर्चीत बसून स्वतःकडं बघत राहिल्या. त्यांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्या उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ते पाहुणे म्हणून आले होते, पाहुण्याला कुणी असं सांगतं का, कपाटाला कुलूप असतं, सगळ्यांना ठाऊक आहे.

“म्हणजे तेव्हा तुम्ही खोटं बोललात, मावशी?” साहेब अगदी मायेनं म्हणाले. “मग आत्ताचं खरं कशावरून?”

  बाईंनी रणजीतकडं पाहिलं. तो आपल्या हातांकडं बघत होता. आईकडं त्यानं पाहिलं नाही, आणि तेवढं बाईंना पुरलं.

कोर्टात जा, दार उघडं आहे, असं वकील उठता उठता म्हणाले. दार उघडं होतं हे खरं, पण बोटं थांबणार नव्हती. वाकडच्या एका वकिलानं कागद घेतले आणि तारीख पडेल म्हणून सांगितलं. अपेक्षानं मंगळसूत्रापासून सगळं मोडलं, तरी डॉक्टरांनी सांगितलेल्या आकड्याच्या जवळपासही ते पोचलं नाही. पावसाळा सरेस्तोवर रणजीतची बोटं वळून तळव्यांना लागली होती. डॉक्टरांनी ती हलवून पाहिली आणि आता उपयोग नाही म्हणाले. गावात लोक हळहळले, आणि पाठ वळल्यावर म्हणाले, हात दाखवून अवलक्षण केलं म्हातारीनं. ही म्हण तिथं वापरू नये एवढंही कुणाला वाटलं नाही.

आता बाई पोराला भरवतात. त्याच्या लग्नातली ताटली, तिच्यावर त्याचं नाव. रणजीत तोंड उघडतो, घास घेतो, खाली बघतो. तो आईवर कधी रागावला नाही. एकदाच, घास चावत असताना म्हणाला, “आई, मोजे आधी घ्यायला पायजे होते.” बाईंनी पुढचा घास कालवला. रागावला असता तर बरं झालं असतं, असं त्यांना रोज वाटतं.

कंपनीनं हेल्मेट परत दिलं. हे तुमच्या मालकीचं आहे, आमच्याकडं ठेवता येत नाही, असं सांगून दिलं. सांडभोरांचं म्हणून कंपनीनं परत केलेलं तेवढंच. देवघरात ठेवायचं बाईंना धाडस झालं नाही. काही दिवस ते खाटेखाली होतं. मग एका सकाळी त्यांनी ते पिशवीत घातलं आणि एसटीनं राजगुरुनगरला गेल्या. नाव खोडायचं होतं. त्यानं काही फिरून येणार नव्हतं हे त्यांनाही कळत होतं, पण ते अक्षर घरात नको झालं होतं.

शेखरच्या टपरीपुढं बाक असतो, त्यावर गणराज बसला होता. रणजीतच्या टोळीतला, शेजारच्या वाडीचा, ‘सप्रेम भेट’ म्हणून सगळ्यात जास्त चिडवणारा. बाईंना पाहून तो उठला, बसायला जागा दिली, रणजीतदादा कसा आहे विचारलं. त्याच्या मांडीवर नवं कोरं हेल्मेट होतं. कपाळावर स्टीलची पट्टी.

“कपाट उघडलं न्हाई का रं अजून?” बाईंनी विचारलं.

गणराजनं नाही म्हणून मान हलवली. दादाचं झालं तेव्हापासून सगळ्यांनी ज्याचं त्यानं घेतलंय, असं तो म्हणाला. साहेबच म्हणाले, जिवाची काळजी ज्याची त्यानं करावी. त्याच्या आईनं गाय विकली होती.

“मग डोक्यावर घाल, पर नाव घालू नको,” बाई म्हणाल्या. त्यांनी त्याचं मनगट धरलं. “आयक माझं. नाव घालू नको, पोरा.”

“नाव न्हाई घातलं तर गेटच्या आत घेत न्हाईत, काकू.” गणराजनं हळूच मनगट सोडवलं. “नवा नियम हाय. स्वतःचं असंल तर त्याच्यावर कुणी दिलं ते बी घालायचं. साहेबांनी नमुना दिलाय.”

त्यानं फोन काढून शेखरपुढं धरला. फोटो होता. काजळी लागलेली पट्टी, आणि तिच्यावर बाईंनीच सांगून घातलेली ओळ. शेखरनं फोटोकडं पाहिलं, मग बाईंकडं, मग आपल्या मशीनकडं. बाईंची पिशवी मांडीवर तशीच बंद राहिली.

शेखरनं गणराजचं हेल्मेट गुडघ्यांत धरलं आणि पट्टीवर बोट फिरवून पाहिलं.

“स्टील कडक हाय,” तो म्हणाला. “खोल घालू का?”